ऑटिझम असलेल्या मुलाची झोप: औषधाआधी घरात काय करून बघायचं

माझा मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हा तो फक्त चालत्या स्कूटरवर झोपायचा. रात्री साडेअकराला मी त्याला ओढणीने पोटाशी बांधायचे, नवरा स्कूटर काढायचा आणि आम्ही पुण्यात कर्वेनगरहून राजाराम पूल ओलांडून सिंहगड रोडला जायचो, मग परत. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला त्याची मान माझ्या छातीवर पडायची. जिना चढून गादीवर ठेवलं की अर्ध्या वेळा डोळे टक्क उघडे. झोपलाच तर पहाटे पावणेपाचला उठून बसायचा, हात फडफडवत, पूर्ण जागा. आज तो अकरा वर्षांचा आहे. बहुतेक रात्री सव्वानऊला आडवा होतो आणि साडेसहाला उठतो. झोपेचं औषध आम्ही दिलं नाही. जे केलं त्याला चार महिने लागले आणि त्यातलं बरंचसं आम्ही उलट्या क्रमाने केलं, म्हणून ते दुप्पट कठीण गेलं. ज्यांच्या मुलाचं निदान नुकतंच झालंय त्यांना तरी योग्य क्रम मिळावा, म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. मूल झोपत नाही म्हणजे ते हट्ट करतंय असं नाही, आणि तुमचं वळण लावणं चुकलंय असंही नाही. ऑटिझम असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना झोपेचा त्रास असतो. वेगवेगळ्या अभ्यासांत हा आकडा ५० ते ८० टक्क्यांपर्यंत जातो. काही मुलांच्या शरीरात मेलाटोनिन, म्हणजे अंधार पडला की शरीराला झोपेकडे नेणारा द्राव, उशिरा किंवा कमी तयार होतो. काहींना बारीक आवाज, उजेड, कपड्याची शिवण इतकी जाणवते की शरीर सैल पडतच नाही. शिवाय घरातले आवरायला लागले, टीव्ही बंद झाला, बाबांनी जांभई दिली, या खुणांवरून ‘आता झोपायचं’ हे बाकीची मुलं आपोआप शिकतात. आपल्या मुलांना त्या खुणा वेगळ्या दाखवाव्या लागतात.

पहिली पायरी: दुखणं शोधा

हे मी सगळ्यात शेवटी केलं आणि ते सगळ्यात आधी करायला हवं होतं. ज्या मुलाला ‘पोटात दुखतंय’ असं सांगता येत नाही, ते रात्री रडून, डोकं आपटून किंवा जागं राहून सांगतं. झोपेच्या मागे लागण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे एकदा फक्त याच कामासाठी वेळ घ्या. फिजिओ, ओटी (रोजची कामं शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच या गडबडीत झोपेचा विषय शेवटच्या दोन मिनिटांत उरकला जातो, तसं होऊ देऊ नका.

विचारायच्या गोष्टी अशा. पोट रोज साफ होतं का, की खडा होतो? आडवं झाल्यावर आंबट पाणी वर येतं का? दाढ किडली आहे का? रात्री गुदद्वाराशी खाज येते का? जंतांची खाज रात्रीच जास्त असते आणि मूल नुसतं वळवळत राहतं. घोरतं का, तोंड उघडं ठेवून झोपतं का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का? तसं असेल तर टॉन्सिल आणि ॲडिनॉइड्स, म्हणजे नाकामागच्या गाठी, बघाव्या लागतात. झोपताना पाय सारखे झाडतं का? त्यामागे शरीरातलं लोह कमी असणं हे कारण असू शकतं आणि आपली बरीच मुलं मोजक्याच चार पदार्थांवर जगत असल्याने ही शंका रास्त आहे. यासाठी नुसतं हिमोग्लोबिन नाही, फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासतात. लोहाचं टॉनिक मात्र आपल्या मनाने सुरू करू नका. झोपेत शरीर ताठ होत असेल, झटके येत असतील किंवा डोळे एका बाजूला वळत असतील, तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि थेट डॉक्टरांना दाखवा. मूल आधीच कुठलं औषध घेत असेल तर त्याने झोप उडते का हेही विचारा, पण ते स्वतःहून बंद करू नका.

आमच्याकडे बद्धकोष्ठता निघाली. ती तीन आठवड्यांत आटोक्यात आली आणि रात्री एकच्या सुमाराचं रडणं थांबलं. बाकी सगळं होतं तसंच होतं. पण त्या रडण्याला मी सहा महिने ‘वाईट स्वप्न’ म्हणत होते, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

दुसरी पायरी: पंधरा दिवसांची वही

शाळेची साधी शंभर पानी वही घ्या. एका दिवसाला एक पान. उठला कधी, दुपारी झोपला का आणि किती वेळ, संध्याकाळी चारनंतर काय खाल्लं-प्यायलं, स्क्रीन कधी बंद झाली, गादीवर कधी गेला, प्रत्यक्ष झोप कधी लागली, मध्ये कधी उठला आणि तेव्हा आपण काय केलं. शेवटचा रकाना सर्वात महत्त्वाचा, कारण आपण काय करतो ते आपल्यालाच आठवत नाही. पंधरा दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. हे अवघड जातं. दमलेल्या माणसाला काहीतरी करून बघायची घाई असते. तरी थांबा.

वहीने आम्हाला काय दिलं ते सांगते. पहाटे पावणेपाचचं उठणं रोजचं आहे असं मी छातीठोकपणे सगळ्यांना सांगत होते. लिहायला लागल्यावर दिसलं की ते रोजचं नाही. पहिल्या आठवड्यात एका दिवशी तो सहापर्यंत झोपला. दुसऱ्या आठवड्यातही एकदा. मी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे वेगळं असं काही नव्हतं. दिवसभर डोकं खाजवलं. शेवटी संध्याकाळी खाली भाजी आणायला गेले तेव्हा वॉचमनदादा कुणाला तरी म्हणत होते, “उद्या पाणी बंद, टाकी रात्रीच भरून ठेवतो.” त्या महिन्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असायचं. बाकीच्या दिवशी पहाटे पाणी आलं की दादा पंपाची मोटर लावायचे. आमच्या बेडरूमच्या बरोबर खाली. आम्हा दोघांना ती ऐकूसुद्धा यायची नाही. गुरुवार उलटल्यावर मी रात्री उठून भिंतीला तळहात लावला, तर पावणेपाचला भिंतीत बारीक घरघर सुरू झाली. माझा मुलगा ती घरघर कानाने आणि पाठीने ऐकत होता.

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना वही दाखवली. आधी ते म्हणाले, “अहो, इतक्या बारीक आवाजाने कोण उठतं?” मी त्यांना पावणेपाचला घरी बोलावलं. ते आले. भिंतीला हात लावून उभे राहिले आणि दुसऱ्याच दिवशी मोटरखाली रबरी पॅड बसवायला माणूस घेऊन आले. आम्हीही पलंग त्या भिंतीपासून काढून समोरच्या भिंतीला लावला. पहाटेचं उठणं लगेच थांबलं नाही, कारण शरीराला सवय झाली होती, पण दोन-तीन आठवड्यांत ते साडेपाचवर आणि मग सहावर सरकलं.

तुमच्याकडे मोटर नसेल. कदाचित दूधवाल्याची बेल असेल, वरच्या घरातली चाकाची खुर्ची असेल किंवा काहीच नसेल. पण अंदाजाने शोधू नका, लिहा.

तिसरी पायरी: रात्रीचं काम सकाळी सुरू होतं

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. म्हणून खुंटी तिथे ठोकायची. रात्री कितीही वाजता झोपला तरी सकाळी ठरलेल्या वेळेला उठवायचं, रविवारीही, सुट्टीतही. अर्धा तास इकडेतिकडे चालेल. ‘रात्री जागलाय, झोपू दे बिचाऱ्याला’ या मायेपोटी आमची घडी वर्षभर बसली नव्हती. हे वाक्य माझ्या सासूबाईंचं होतं, पण मनातून माझंही होतं.

उठवल्यावर उजेडात न्या. गॅलरीत, गच्चीवर, खाली पार्किंगपर्यंत, कुठेही वीस-तीस मिनिटं. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लावतो आणि रात्री मेलाटोनिन वेळेवर यायला मदत होते. पुण्यात जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत मात्र सूर्य सातनंतर वर येतो. हिवाळ्यात शाळेच्या रिक्षाची वाट बघायची ती जागा तरी उन्हात आहे का बघा.

दुपारची झोप पाच वर्षांपुढच्या मुलाची शक्यतो बंद. लहान मूल असेल तर तीनच्या आत उठवा. व्हॅनमध्ये परत येताना लागलेली वीस मिनिटांची डुलकीही मोजा, ती रात्रीची झोप खाते. चार वाजता आजोबांबरोबर बशीतला चहा, हा आपल्या घरांतला लाडका कार्यक्रम आहे, पण त्यात कॅफिन असतं. कोला आणि चॉकलेटमध्येही. आम्ही चहाच्या जागी बशी तशीच ठेवून त्यात गवती चहा-आल्याचं कोमट दूध द्यायला लागलो. बशी महत्त्वाची होती, चहा नाही.

अंग दमेल असं काहीतरी रोज हवं: झोका, चढण, ओढणं, ढकलणं. आमच्याकडे तळजाई टेकडीची चढण आणि उतरण हेच औषध ठरलं. पण ते संध्याकाळी सहा-साडेसहाच्या आत. नंतरची धावपळ मुलाला उलट तरतरीत करते.

मुलाला किती झोप हवी याचा ढोबळ आकडा माहीत असलेला बरा: ३ ते ५ वर्षांना दुपारसकट १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांना ९ ते १२, आणि तेराच्या पुढे ८ ते १०. काही मुलांची गरज या पट्ट्याच्या खालच्या टोकाला असते. दिवसभर मूल ताजंतवानं असेल तर जबरदस्तीने बारा तास झोपवायच्या मागे लागू नका.

चौथी पायरी: त्याच्या गादीवर तुम्ही झोपून बघा

एका रात्री सगळे दिवे बंद करून मुलाच्या जागी, मुलाच्या उशीवर, पंधरा मिनिटं पडून राहा. मी पडले तेव्हा समोर स्टॅबिलायझरचे लाल आकडे चमकत होते, डासांच्या मशीनचा दिवा लुकलुकत होता आणि पंखा दर फेरीला एकदा टक् करत होता. आकड्यांवर काळी चिकटपट्टी लावली, मशीन कपाटाच्या आडच्या सॉकेटला गेलं आणि पंख्याचा ढिला स्क्रू इलेक्ट्रिशियनने दोन मिनिटांत आवळला.

उजेडासाठी खिडकीला जाड, गडद पडदा लावा. तयार ब्लॅकआउट पडदे महाग वाटले तर जुन्या चादरीचं दुहेरी अस्तर शिवून घेतलं तरी काम होतं. अंधाराची भीती वाटणाऱ्या मुलासाठी मंद, पिवळसर झिरो बल्ब जमिनीलगत ठेवा, पांढरा किंवा निळा नको. बाहेरचा आवाज थांबवता येत नसेल तर एकसुरी आवाजाखाली तो दाबता येतो. पंख्याचा, कूलरचा नुसता घुर्रर्र आवाज रात्रभर सारखा राहतो म्हणून चालतो. गाणी लावली आणि ती संपली तर मूल त्या शांततेनेच उठतं.

स्पर्शाचं वेगळं. नाइट ड्रेसचं गळ्यामागचं लेबल कापून टाका, शिवण टोचत असेल तर कपडा उलटा घाला. कुणी बघत नाही. खळ घातलेली कडक चादर आमच्या मुलाला अजिबात चालत नाही, दहा वेळा धुतलेली मऊ सुती चालते. फोडणीचा, उदबत्तीचा, कपड्यांच्या सुगंधी द्रावाचा वास झोपायच्या खोलीत राहू देऊ नका.

वजनदार ब्लँकेटविषयी सगळेच विचारतात. २०१४ साली ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांवर त्याची नीट चाचणी झाली. त्यात झोपेची वेळ वाढली नाही, पण मुलांना आणि पालकांना ते पांघरूण आवडलं. म्हणून हजारो रुपये त्यात घालू नका. आमच्याकडे आजेसासूबाईंच्या नऊवारीची शिवलेली जड गोधडी होती, ती त्याला प्रिय आहे, तेवढं पुरे. जड काहीही घालताना मुलाला ते स्वतःच्या हाताने बाजूला सारता आलं पाहिजे आणि तोंडावर कधीही येता कामा नये. अगदी लहान मुलाला घालूच नका.

पाचवी पायरी: चित्रांची पट्टी

झोपण्याआधीचा अर्धा तास रोज तोच आणि त्याच क्रमाने. हा क्रम डोक्यात ठेवून चालत नाही, मुलाला दिसला पाहिजे. आम्ही मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून लांब पट्टी केली, तिच्यावर वेल्क्रो चिकटवलं आणि पाच फोटो लावले. इंटरनेटवरची कार्टून नाहीत, आमच्याच घरातले फोटो: त्याचा निळा ब्रश, आमचं बाथरूम, त्याचा नाइट ड्रेस, काशाची वाटी, त्याची गादी. एक गोष्ट झाली की तो फोटो ओढून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. वेल्क्रोचा चर्रर्र आवाज, मग डब्यातला टण्ण. या दोन आवाजांसाठी तो ब्रशसुद्धा करायला लागला.

काशाची वाटी म्हणजे तळपायाला तेल लावून वाटीने घासणं, आपल्याकडे आजी करते तेच. हलका हात त्याला गुदगुल्यांसारखा टोचतो, दाबून केलेला आवडतो. तुमच्या मुलाला पाय धरलेलेच आवडत नसतील तर ती पायरी गाळा, तिच्या जागी पुस्तक ठेवा, झोका ठेवा, गोधडीत घट्ट गुंडाळून दाबणं ठेवा. गरम पाण्याच्या अंघोळीने काही मुलं सैलावतात, काही पेटून उठतात. वहीत बघा, मग ठरवा.

या अर्ध्या तासाच्या आधी किमान एक तास मोबाइल, टॅब, टीव्ही बंद. घरातल्या सगळ्यांचा, निदान त्या खोलीत तरी. ट्यूबलाइट बंद करून पिवळा दिवा. स्क्रीन बंद करण्यावरून भडका उडत असेल तर स्क्रीनचाही फोटो पट्टीवर आधी लावा आणि तो संपल्यावर लगेच मुलाच्या आवडीचं काहीतरी ठेवा.

इथे बाबांविषयी एक वाक्य. हिंजवडीहून नऊला घरी येणारा बाबा दारातच मुलाला उंच उडवतो. दिवसभराची भेट असते ती, मला कळतं. आमच्या घरी ती भेट सकाळच्या उजेडात गेली. गच्चीवर न्यायचं काम बाबाचं झालं आणि रात्री तो आला की हळू आवाजात काशाची वाटी हातात घेतो.

सहावी पायरी: झोपायची खरी वेळ

हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त फरक इथे पडला. आम्ही त्याला नऊला गादीवर न्यायचो आणि वही सांगत होती की झोप सरासरी अकरा चाळीसला लागते. म्हणजे रोज अडीच तासांच्या वर तो गादीवर जागा, आम्ही चिडलेले. गादी म्हणजे रडायची जागा, असंच तो शिकत होता.

उपाय उलटा वाटतो. गादीवर न्यायची वेळ पुढे ढकलायची, त्याला खरोखर झोप लागते तिथपर्यंत. आम्ही पावणेबाराला सुरुवात केली. तोपर्यंत मंद दिव्यात, शांत खेळात जागं ठेवायचं, आधी डोळा लागू द्यायचा नाही. सव्वाअकराला पट्टी सुरू, पावणेबाराला दिवा बंद. सकाळी साडेसहाला उठवायचंच. दोन रात्री ओळीने पंधरा-वीस मिनिटांच्या आत झोप लागली की वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची: साडेअकरा, सव्वाअकरा, असं. एखाद्या टप्प्यावर अडलं तर आधीच्या, पंधरा मिनिटं उशिराच्या वेळेवर परत जायचं आणि तिथे थांबायचं. पावणेबारा ते सव्वानऊ म्हणजे दहा टप्पे. आम्हाला सात आठवडे लागले, कारण मध्ये ताप आला आणि मध्ये दिवाळी आली.

पहिला आठवडा दिवसा चिडचिड होते, म्हणून शाळेची परीक्षा किंवा आजारपण असताना हे सुरू करू नका. मुलाला एपिलेप्सी (अपस्मार, फिट्स) असेल तर झोप कमी झाल्याने झटके येऊ शकतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पायरी अजिबात करू नका.

सातवी पायरी: झोप लागताना जे होतं, तेच मध्यरात्री हवं असतं

आपल्याकडे मुलं आईवडिलांजवळ झोपतात आणि त्यात बदल करायची काही गरज नाही. वेगळी खोली हा इथे मुद्दाच नाही. मुद्दा असा की प्रत्येक माणूस रात्री काही वेळा अर्धवट जागा होतो आणि पुन्हा झोपतो. ज्याला चालत्या स्कूटरवर झोप लागली, त्याला मध्यरात्री जाग आल्यावर स्कूटर सापडत नाही. थोपटून झोपलेल्याला थोपटणारा हात सापडत नाही. म्हणून झोप लागताना असलेली परिस्थिती रात्रभर टिकणारी हवी: गोधडी, पंख्याचा आवाज, तोच अंधार.

हे तोडायचं नाही, पातळ करत न्यायचं. स्कूटरच्या जागी आम्ही आधी मांडीवर डोलवलं. मग डोलणं थांबवून नुसतं थोपटणं. मग थोपटण्याऐवजी पाठीवर स्थिर हात. मग शेजारी हात न लावता. मग एक हात अंतरावर. प्रत्येक टप्प्याला चार-पाच रात्री. मध्यरात्री उठला तरी त्याच टप्प्यावर राहायचं. दमून ‘चल, आजच्या दिवस’ म्हणत स्कूटर काढली की मागचा आठवडा वाया जातो, हे आम्ही दोनदा करून बघितलं आहे. मध्यरात्री बोलणं कमीत कमी, दिवा लावायचा नाही, खायला नाही, मोबाइल नाही. ‘रात्र आहे, झोप’ एवढे तीन शब्द, रोज तेच, त्याच सुरात.

देवाणघेवाण समजणाऱ्या मुलासाठी एक साधी युक्ती: रात्री झोपताना हातात एक कार्ड द्यायचं. त्यावर एकदा पाणी, शू किंवा एक मिठी मिळेल. वापरलं की कार्ड परत घ्यायचं. सकाळी कार्ड उशीखाली शिल्लक असेल तर आवडीचं काहीतरी. माझ्या मुलाला हे आठव्या वर्षी समजलं, त्याआधी नाही.

काहीही बदललं की पहिले तीन-चार दिवस त्रास वाढतो. मूल जुनी गोष्ट जोर लावून मागतं. याच दिवसांत घरात भांडणं होतात, म्हणून सुरू करण्याआधी आजी-आजोबांना बसवून सगळं सांगा. सासूबाईंना मी वही वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “मला वाटायचं तू त्याला रडवत ठेवतेस.” त्या दिवसापासून पट्टीचा डबा त्यांच्या हातात असतो. आणि एका वेळी एकच बदल. पडदा, पट्टी, वेळ, थोपटणं सगळं एकाच सोमवारी सुरू केलं तर काय उपयोगी पडलं ते कधीच कळत नाही.

सण, वीज, प्रवास

पुण्यात राहून गणपती टाळता येत नाहीत. ढोल-ताशा पथकांचा सराव तर कितीतरी आठवडे आधीच सुरू होतो. कान झाकणारे इअरमफ आधीपासून दिवसा, थोडे थोडे, खेळताना घालायची सवय लावा. विसर्जनाच्या रात्री पहिल्यांदा चढवले तर ते मूल उपटून फेकणार. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकतं. त्यापलीकडे आवाज असेल तर ११२ वर तक्रार करता येते. पण मंडळाच्या मुलांशी आठवडाभर आधी जाऊन बोलणं जास्त उपयोगी पडतं. आमच्या मंडळाने स्पीकरचं तोंड फिरवलं. विसर्जनाचे दोन दिवस आम्ही मावशीकडे मुळशीला जातो, सोबत गोधडी, पट्टी आणि उशीची न धुतलेली खोळ.

वीज गेली की पंख्याचा आवाज जातो आणि मूल उठतं. इन्व्हर्टरवर निदान त्या खोलीचा पंखा घ्या.

दारं, गॅस आणि तुम्ही स्वतः

रात्री उठून बाहेर पडणारं मूल असेल तर झोपेच्या आधी सुरक्षिततेचं बघा. मुख्य दाराला उंचावर कडी, गॅलरीला जाळी, गॅसचा रेग्युलेटर बंद, दाराला उघडलं की वाजणारी छोटी घंटी. वॉचमनला मुलाचा फोटो दाखवून ठेवा.

आणि पाळी लावा. दोघांनी अर्धं-अर्धं जागण्यात कुणाचीच झोप होत नाही. आम्ही दोनला पाळी बदलायचो: दोनपर्यंत मी, नंतर नवरा. एकट्या आईने किंवा एकट्या बाबाने हे करायचं असेल तर आठवड्यातली एक रात्र बहीण, भाऊ, मैत्रीण कुणाला तरी मागून घ्या. मागताना संकोच करू नका.

गमीज आणि औषधं

मेलाटोनिनच्या गोळ्या आणि गमीज, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, आता ऑनलाइन सहज मिळतात. शेजारच्यांनी दिल्या म्हणून देऊ नका. २०२० साली अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने ऑटिझम असलेल्या मुलांच्या झोपेविषयी जी मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यात क्रम हाच आहे: आधी इतर आजार आणि झोप बिघडवणारी औषधं बघा, मग सवयींवर काम करा, ते पुरलं नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेलाटोनिन. दुकानात मिळणाऱ्या गोळीत लिहिलंय तेवढंच औषध असेल याची खात्री नसते, म्हणून ती डॉक्टरांनी सुचवलेलीच हवी.

आठ ते बारा आठवडे मनापासून करूनही मूल पाच-सहा तासांच्या वर झोपत नसेल, किंवा घोरणं, झटके, दिवसा अचानक झोपेची गुंगी असं काही दिसलं, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. तेव्हा औषध लागलं तर ते घ्यावं. आमच्या ओटीच्या वेटिंग रूममध्ये भेटणाऱ्या एका आईला ते घ्यावं लागलं आणि तिच्या मुलीचे दिवस सुधारले. जाताना मात्र ‘अजिबात झोपत नाही हो’ असं तोंडी सांगू नका. वही न्या आणि शेवटची चौदा पानं त्यांच्यासमोर उघडून ठेवा.